शिष्यवृत्तीसाठी वाचनाची उजळणी: सुरुवात कुठून करावी

ताई, मुलीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी वाचनाची उजळणी कुठून सुरू करावी असं विचारलंत. घाबरू नका. आधी मुलीला एखादा अनोळखी उतारा मोठ्याने वाचायला लावा. जोडाक्षरं, रफार यांवर ती अडखळत असेल, तर प्रश्नसंच बाजूला ठेवा आणि रोज दहा मिनिटं नुसतं वाचन घ्या. या परीक्षेच्या पहिल्या पेपरात भाषेचे 25 आणि गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात. वाचन अडखळलं की शाब्दिक उदाहरणंही राहतात.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- उतारा न वाचताच पर्याय बघणं.
- प्रश्नातला ‘नाही’, ‘अयोग्य’ हा शब्द निसटणं. तो अधोरेखित करायला शिकवा.
- उत्तर चुकलं की आपणच बरोबर उत्तर सांगून टाकणं. त्याऐवजी ‘उताऱ्यात कुठं लिहिलंय, बोट ठेव’ म्हणा. हे सगळ्यात मोलाचं.

तुमच्या घरी तेलुगू बोलतात म्हणालात. आपल्या सोलापुरात अशी पुष्कळ मुलं भराभर वाचतात, पण अर्थ अर्धाच कळलेला असतो, म्हणून नुसता वेग बघू नका. वर्तमानपत्रातली गड्डा यात्रेची, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेची, बातमी वाचून घ्या आणि काय कळलं ते विचारा. तेलुगूत सांगितलं तरी चालेल.

व्याकरण, म्हणी, घड्याळ लावून पेपर सोडवणं सध्या नको. वाचन सुटसुटीत झालं की सांगा, मग पुढचं बघू.