पेरूच्या जंगलात संशोधन प्रकल्पावर स्वयंसेवक म्हणून गेल्यावर नेमकं काय काम मिळतं? त्याचा खरंच कुणाला उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जीवशास्त्र शिकलेला नाहीत, नोकरीतून पाच-सहा आठवडे काढता येतील, पेरूतल्या ॲमेझॉनच्या जंगलात एखाद्या संशोधन प्रकल्पावर राहून काम करायचं आहे. प्रकल्पवाले तुमच्याकडूनच पैसे मागतायत, म्हणून शंका येतेय की हे काम आहे की महागडी सहल.

मी दोनदा जाऊन आले आहे, पहिल्यांदा चार आठवडे आणि नंतर नऊ. जीवशास्त्र मीही शिकलेले नाही, मी लेखापरीक्षण करते. तरी माझा उपयोग झाला असं खात्रीने सांगते, कारण तिथे सगळ्यात जास्त गरज असते ती जेवढं पाहिलं तेवढंच लिहिणाऱ्या माणसाची.

दोन्ही वेळा गेले ते माद्रे दे दिओस भागात. हा पेरूचा आग्नेय कोपरा, ब्राझील आणि बोलिव्हियाला लागून असलेला. पुएर्तो माल्दोनादो हे तिथलं मुख्य शहर, आणि तिथून बोटीने काही तासांवर आमचं फील्ड स्टेशन. खांबांवर उभी केलेली लाकडी घरं, भिंतींच्या जागी जाळ्या, सौर पॅनेलवर संध्याकाळी थोडा वेळ वीज, दाराबाहेर सगळ्यांचे गमबूट उलटे टांगलेले.

आमच्या दिवसाचं मुख्य काम म्हणजे ट्रान्सेक्ट. जंगलात आखलेली एक सरळ वाट, तिच्यावर उजाडता उजाडता निघायचं आणि तासाला साधारण एक किलोमीटर इतक्या संथ गतीने चालायचं. प्राणी दिसला की थांबून वेळ, जात, संख्या, जमिनीपासूनची उंची आणि आखलेल्या रेषेपासून तो किती मीटर लांब होता हे सगळं लिहायचं. हे शेवटचं अंतर फार महत्त्वाचं. लांबचे प्राणी नजरेतून निसटतात, आणि किती निसटले असतील याचा अंदाज याच अंतरांवरून बांधतात. लिहायचं पेन्सिलनेच, कारण तिथल्या दमट हवेत शाई पसरते आणि अख्खं पान वाया जातं.

पहिल्या खेपेच्या तिसऱ्या आठवड्यातला एक प्रसंग सांगते. डाव्या बाजूला शेंड्यांवर जोरात खळबळ झाली, फांद्या वाकल्या, पानं खाली आली. आदल्या दिवशी त्याच ठिकाणी आम्ही कोळी माकडं पाहिली होती, म्हणून मी लिहून टाकलं: कोळी माकड, चार. आमच्याबरोबर स्टेशनवरचे एक स्थानिक सहकारी होते, पन्नाशीच्या पुढचे, लहानपणापासून याच नदीवर वाढलेले. त्यांनी माझ्या पानाकडे पाहिलं आणि विचारलं, "पाहिलंस की ऐकलंस?" मी म्हटलं, फांद्या हलताना पाहिल्या. ते म्हणाले, "मग फांद्या लिही." त्यांनी मला ती नोंद खोडायला लावली, तीही एकाच रेषेने, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला सही. मी थक्क झाले, कारण आमच्या धंद्यातही चुकीची नोंद अशीच खोडतात. त्या दिवशी मला या कामाची खरी ओळख झाली.

त्या सकाळी पुढच्या दोन तासांत आम्हाला काहीच दिसलं नाही आणि फॉर्मवर मी शून्य लिहिलं. नव्या स्वयंसेवकाला शून्य लिहायला नको वाटतं, इतक्या लांब येऊन हात हलवत परतल्यासारखं. पण त्या शून्याची किंमत किती ते मला त्याच भागातल्या एका जुन्या गोष्टीवरून कळलं. माद्रे दे दिओसच्या पश्चिमेला मनू राष्ट्रीय उद्यान आहे, १९७३ साली स्थापन झालेलं. त्याच्या आत कोचा काशू नावाचं संशोधन केंद्र आहे आणि जीवशास्त्रज्ञ जॉन टरबोर्ग यांनी अनेक दशकं तिथे काम केलं. तिथे पांढऱ्या ओठांचा पेकरी नावाचा प्राणी असतो. दिसायला रानडुकरासारखा, राहतो मोठमोठ्या कळपांत, आणि तिकडचे लोक त्याला वांगाना म्हणतात. १९७८ च्या सुमारास हे कळप तिथून दिसेनासे झाले आणि परतले ते १९९० च्या सुमारास. मधली बारा वर्षं शून्य.

वांगाना ताडाच्या एका जातीच्या कठीण बिया फोडून खातो. तो नसताना त्या ताडाची रोपं जंगलात दाट झाली आणि तो परतल्यावर पुन्हा घटली. एका प्राण्याच्या तोंडावर एका झाडाची संख्या कशी अवलंबून असते हे यातून कळलं. कळायचं कारण एवढंच, की वांगाना असतानाही, नसतानाही आणि परतल्यावरही कुणीतरी त्याच जंगलात रोपं मोजत आणि नोंदी ठेवत होतं. आज दिसलं नाही म्हणून पान कोरं सोडलं असतं, तर प्राणी नव्हता की मोजणारा माणूस नव्हता हे पुढे कुणालाच सांगता आलं नसतं. तुमचे पाच-सहा आठवडे म्हणजे अशाच एका लांबलचक तक्त्यातल्या थोड्या ओळी. त्या खऱ्या असतील तर त्यांचा नक्की उपयोग होतो.

दुसरं मोठं काम कॅमेरा ट्रॅपचं. झाडाला गुडघ्याच्या उंचीवर पेटी बांधतात आणि समोरून उबदार काही हललं की ती फोटो घेते. उन्हाने तापलेलं पान हललं तरी घेते. त्यामुळे कार्ड काढून आणलं की हजारो फोटो निघतात आणि त्यातले बहुतेक पानांचेच. मी संध्याकाळमागून संध्याकाळ ते चाळले आहेत. एकदा त्या पानांमधून जग्वार निघाला, चालता चालता डावा खांदा कॅमेऱ्याकडे, पोटाला चिखल लागलेला. मग खरं काम सुरू झालं. प्रत्येक जग्वारच्या अंगावरची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, म्हणून जुने फोटो शेजारी ठेवून एकेक ठिपका जुळवायचा. डाव्या आणि उजव्या कुशीवरची नक्षीही सारखी नसते. म्हणूनच वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, नाहीतर एकच प्राणी दोनदा मोजला जाईल. त्या रात्री आम्ही तिघं तासभर भांडलो की मागच्या पायावरची तुटकी कडी जुन्या फोटोतल्यासारखीच आहे का. शेवटी तशीच निघाली. जुनाच नर होता, अजून जिवंत.

मकाव पोपटांची मोजणी दिसायला सगळ्यात सुंदर. नदीकाठच्या मातीच्या कड्यावर ते पहाटे शेकड्यांनी उतरतात आणि माती खातात. त्या भागातल्या अन्नात सोडियम कमी असतं आणि ते या मातीतून मिळतं, असं संशोधकांचं म्हणणं आहे. तुम्ही लपणात बसून दर पाच मिनिटांनी जातीनुसार आकडा लिहायचा. घार दिसली किंवा बोट जवळून गेली की सगळा थवा एकदम उडतो, तेव्हा तेही लिहायचं.

आता पैशांचं. पैसे मागितले म्हणजे फसवणूक, असं समजू नका. बोटीचं इंधन, जेवण, स्थानिक कर्मचाऱ्यांचा पगार हे कुठूनतरी यावंच लागतं, आणि संशोधनाचं अनुदान सहसा त्याला पुरत नाही. मात्र पैसे कशावर खर्च होतात ते फोड करून लेखी मागा. खऱ्या प्रकल्पाला या प्रश्नाचा राग येत नाही. याहून महत्त्वाचा प्रश्न संशोधन परवान्याचा. पेरूत संरक्षित क्षेत्राच्या आत काम असेल तर परवानगी सेरनान्प ही सरकारी यंत्रणा देते आणि बाहेरच्या वन्यजीवांवरच्या कामाला सेरफोर. परवाना कुणाच्या नावावर आहे आणि किती तारखेपर्यंत आहे, ते विचारा. गोळा केलेल्या नोंदी कोण वापरतं आणि त्यातून आजवर काय छापून आलं, हेही विचारा. तुमच्या व्हिसावर हे काम चालतं का याचं उत्तर त्यांच्याकडून आणि वकिलातीकडून, दोन्हीकडून लेखी घ्या.

एका खुणेवर मी मागचा-पुढचा विचार न करता नकार देते. पेरूला जाण्याआधी मी दुसऱ्या एका देशातल्या एका ठिकाणी आठवडाभर राहिले होते. तिथे माकडाचं पिल्लू पाहुण्यांच्या हातात देत, फोटोसाठी. ते पिल्लू कुठून आलं, परत जंगलात कधी जाणार, कुणालाच सांगता येईना. माणसांचे आजार माकडांना होतात आणि त्यांचे आपल्याला. शिवाय माणसाची सवय लागलेलं पिल्लू जंगलात टिकणं अवघड. मी तेव्हा हात पुढे केला होता आणि त्याची खंत मला अजून आहे. जाहिरातीत प्राणी कडेवर घेतलेले स्वयंसेवक दिसले, तर तिथे जाऊ नका.

शरीराची तयारी गांभीर्याने करा. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. २०१६ पासून तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य धरतात आणि परतीच्या प्रवासातही ते मागितलं जाऊ शकतं, म्हणून पासपोर्टबरोबरच ठेवा. मलेरियाच्या गोळ्या लागतील का आणि रेबीजची लस आधी घ्यायची का, हे प्रवासाच्या आजारांची माहिती असलेल्या डॉक्टरांना विचारा. त्या भागात वालुमाशीच्या चाव्यातून लीशमॅनियासिस हा त्वचेवर जखमा करणारा आजार होतो. ही माशी इतकी बारीक असते की साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आत येते, म्हणून बारीक विणीची, औषध लावलेली जाळी घ्या आणि संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. आमच्यातल्या एकीच्या मनगटावर परतल्यानंतर बऱ्याच दिवसांनी एक न दुखणारी, काठ उचललेली जखम आली. ती साधं गळू समजून मलम लावत राहिली आणि निदानाला फार वेळ गेला. परतल्यावर कित्येक महिन्यांनीही एखादी जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, तर कुठे जाऊन आलात हे डॉक्टरांना आधी सांगा.

चालताना तोल गेला तरी झाडाला पटकन हात लावू नका. तांगाराना नावाच्या झाडाच्या पोकळ खोडात मुंग्या राहतात आणि धक्का लागला की तुटून पडतात. इसुला ही मोठी काळी मुंगी त्याहून वाईट, तिचा डंख दिवसभर ठणकतो. बूट घालण्याआधी झटकायचे, रोज, एकही दिवस न चुकता.

मे ते ऑक्टोबर तिथे तुलनेने कोरडे महिने. तुम्हाला पाच-सहा आठवडेच असतील तर याच काळात जा, वाटा चालण्यासारख्या असतात. पण एक उबदार जाकीट न्याच. या महिन्यांत दक्षिणेकडून थंड वारे येतात, त्याला तिकडे फ्रियाहे म्हणतात, आणि एका रात्रीत पारा तिशीवरून पंधराच्या खाली उतरतो. मी विषुववृत्ताच्या इतक्या जवळ दोन पांघरुणांत कुडकुडत झोपले आहे.

तुम्ही विचारलेलं नाही, पण या मोजणीने जंगल वाचतं का हेही तुमच्या मनात असणार. माद्रे दे दिओसमध्ये नदीच्या गाळातून सोनं काढतात. त्यासाठी झाडं तोडून जमीन उकरतात आणि सोनं धरायला पारा वापरतात. तो पारा नदीत उतरतो, माशांत जातो आणि मासे खाणाऱ्या माणसांत. २०१६ साली सरकारने या पाऱ्यामुळेच तिथे आणीबाणी जाहीर केली होती आणि २०१९ मध्ये ला पांपा भागातल्या बेकायदा खाणींवर मोठी कारवाई केली. पुएर्तो माल्दोनादोला विमान उतरताना खिडकीतून हिरव्याच्या मधोमध पिवळट डबक्यांचे पट्टे दिसले तर नीट पाहून घ्या.

याच भागात शेकडो कुटुंबं उभ्या जंगलावर जगतात. ब्राझील नट, तिकडच्या भाषेत कास्तान्या, तिची झाडं जंगलातच नीट फळतात, कारण त्यांच्या फुलांचं परागण करणाऱ्या मोठ्या मधमाश्यांना जंगल लागतं. पावसाळ्यात दीड-दोन किलोचं, नारळासारखं टणक फळ पन्नास मीटरवरून खाली येतं, म्हणून फळं गळत असताना त्या झाडाखाली कुणी थांबत नाही. गळ संपत आली की लोक जाऊन ती वेचतात आणि कोयत्याने फोडतात. मला "फांद्या लिही" म्हणणारे सहकारी दर वर्षी हेच करत. झाड तोडायचं नाही, हेच त्यांचं उत्पन्न. आणि मोजणी कुठे कामी येते, त्यासाठी शिवावाको या झाडाचं उदाहरण घ्या. शेकडो वर्षं जगणारं हे झाड, मकाव त्याच्या ढोलीत घरटं करतात, आणि फरशीच्या लाकडासाठी ते फार तोडलं जातं. साइट्स हा धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या २०२२ मध्ये पनामात झालेल्या परिषदेत या झाडाच्या प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियमांखाली आणला गेला. असे निर्णय घेताना कुठे किती झाडं उरलीत आणि त्यांवर कोण राहतं, याचे आकडे टेबलावर लागतात. ते कुणीतरी चिखलात उभं राहून लिहिलेले असतात.

तर जा, पण किमान चार आठवड्यांसाठी. पहिला आठवडा तुम्हाला शिकवण्यातच जातो आणि त्याचा भार स्टेशनवरच्या माणसांवर पडतो. आणि स्पॅनिश आजपासून सुरू करा, कारण तिथल्या जाणत्या माणसांशी बोलायची भाषा तीच. आधी आकडे शिका, मग हे चार शब्द, जे रोज सकाळी लागतील: 'वी' म्हणजे मी पाहिलं, 'ओई' म्हणजे मी ऐकलं, 'वेया' म्हणजे पायाचा ठसा, आणि 'नादा' म्हणजे काही नाही.