कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडच्या धक्क्यावरच्या जॅक लंडन स्क्वेअरला खरंच लेखक जॅक लंडनचं काही आहे का, की नुसतं नाव?

नुसतं नाव? आमचे साडूही अगदी हेच म्हणाले होते, तेही भर पंगतीत, की तो तर सॅन फ्रान्सिस्कोचा, ऑकलंडवाल्यांनी हॉटेलं चालावीत म्हणून नाव चिकटवलंय. जन्म तिकडचा, 1876 चा, मान्य. पण वाढला कुठे? डबाबंद खाण्याच्या कारखान्यात तासाला दहा सेंटवर राबला कुठे? ऑकलंडातच ना! पंधराव्या वर्षी, ज्या जेनी प्रेंटिसने त्याला तान्हा असताना दूध पाजलं तिच्याकडूनच 300 डॉलर उसने घेऊन त्याने 'रॅझल डॅझल' नावाची बोट घेतली आणि रात्री खाडीत लोकांच्या मालकीच्या कालवांवर (ऑयस्टरवर) डल्ला मारून सकाळी ऑकलंडच्या धक्क्यावर विकायला लागला, म्हणजे सरळ चोरीच, आणि पुढे हाच गडी अशा चोरांना पकडणाऱ्या सरकारी गस्तीत, 'फिश पट्रोल'मध्ये!

बघायचं काय, तर हाइनोल्ड्सचा बार. 1883 पासूनचा, टीचभर लाकडी खोली. 1906 च्या भूकंपात खालची जमीन खचली, तेव्हापासून अख्खा बार तिरका. जॅक पोरगा असताना तिथल्या टेबलावर अभ्यास करायचा, युनिव्हर्सिटीच्या फीला पैसे मालक जॉनी हाइनोल्डने दिले. साडूंना मी मुद्दाम तिथेच नेलं. काउंटरचा उतार बघून म्हणतात काय, "एवढं रिपेअर करून घ्यायला काय होतं यांना?" आता बोला.

बाहेरची लाकडी केबिन मात्र अर्धीच खरी. 1897 ला तो सोन्यापायी कॅनडातल्या क्लोन्डाइकला गेला होता, तिथली त्याची केबिन, तिची लाकडं वाटून घेतली, अर्धी इथे, अर्धी कॅनडात डॉसनला, बाकी भरती नव्या लाकडाची. आणि हो, स्क्वेअरला नाव 1951 ला दिलं, तो जाऊन 35 वर्षं झाल्यावर. साडू हेच धरून बसलेत. पण धक्का आधीचाच आहे ना!

सॅन फ्रान्सिस्कोहून फेरीबोटीने या, गाडी आणलीच तर आत बॅग ठेवू नका, काचा फोडतात. मुलं बरोबर असतील तर बारचं विसरा. त्याचं रँच आणि समाधी सोनोमात ग्लेन एलनला आहे, तिथलं मी काय सांगणार, साडूंबरोबर गेलो होतो तेव्हा त्यांना वाइनरीची घाई होती.