छायाचित्रण : वाचकांचे प्रश्न – आयएसओ किती ठेवायचा?

मॅन्युअल मोडबद्दल या वेळी आलेले बहुतेक प्रश्न आयएसओचेच आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत. नव्यांसाठी थोडक्यात : मॅन्युअलमध्ये तिन्ही गोष्टी आपण हाताने ठरवतो. शटर म्हणजे प्रकाश आत येण्याचा वेळ (१/६० म्हणजे सेकंदाचा साठावा भाग), अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचे छिद्र (एफ/ नंतरचा आकडा लहान तितके छिद्र मोठे), आणि आयएसओ म्हणजे कॅमेरा मिळालेला संकेत किती मोठा करतो त्याचा आकडा.

प्रश्न : नागपुरातल्या मारबतीच्या (पुतळ्यांच्या) मिरवणुकीचे फोटो मॅन्युअलवर काढले. दाणे (फोटोतली खरखर) नकोत म्हणून आयएसओ १०० वरून हलवलाच नाही. आभाळ भरून आले होते. एफ/५.६ ला शटर १/६० पर्यंत खाली आणावे लागले आणि नाचणारी सगळी माणसे हलली. कुठे चुकले?
– वाचक, महाल

उत्तर : क्रम उलटा झाला. तुम्ही आयएसओ आधी ठरवलात आणि शटरला त्याच्या मागे फरपटत नेलेत. मॅन्युअलमध्ये सर्वांत आधी शटर ठरवावे, कारण समोरची हालचाल आपल्या हातात नसते. नाचणाऱ्या माणसांना १/५०० लागतोच. त्यानंतर अ‍ॅपर्चर. बडग्या (मिरवणुकीतला पुतळा) आणि तो उचलणारी माणसे दोन्ही स्पष्ट हवीत तर एफ/५.६ ठीक आहे. हे दोन्ही ठरले की मीटरचा (कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या पट्टीचा) काटा शून्याच्या आसपास येईपर्यंत आयएसओ वाढवायचा. तुमच्याच आकड्यांवरून पाहा : १/६० वरून १/१२५, मग १/२५०, मग १/५००, म्हणजे तीन स्टॉप प्रकाश कमी झाला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). तेवढाच आयएसओ वर न्यायचा : २००, ४००, ८००. इतवारीच्या गल्लीत त्या उजेडात आयएसओ ८०० हेच बरोबर उत्तर होते.

आता दाण्यांविषयी. आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर जास्त प्रकाश पडत नाही. जेवढा पडला तेवढ्याचाच संकेत कॅमेरा मोठा करतो. दाणे मुळात प्रकाशाच्या तुटवड्यातून येतात. प्रकाशकण सेन्सरवर एकसारख्या धारेने पडत नाहीत, कमी-जास्त पडतात. कण भरपूर असले की हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. मोजकेच असले की शेजारच्या पिक्सेलमधला फरक उठून दिसतो. प्रकाश निम्मा केला की प्रकाशाच्या मानाने हा फरक सुमारे १.४ पट होतो. वरचा आयएसओ लावताना आपण सहसा शटर वेगवान करून प्रकाश कापलेला असतो, म्हणून दोष आयएसओच्या माथी येतो. शटर आणि अ‍ॅपर्चर तेच ठेवून नुसता आयएसओ खाली आणला तर फोटो काळा पडेल, पण स्वच्छ होणार नाही.

दाणे संगणकावर बऱ्याच प्रमाणात कमी करता येतात. हललेला चेहरा कशानेही सरळ होत नाही. आयएसओ ८०० चे दाणे तर ८ × १२ इंचांच्या प्रिंटमध्ये शोधूनही सापडणे कठीण.

प्रश्न : मुलीचा नृत्याचा कार्यक्रम देशपांडे सभागृहात आहे. लेन्स ५५-२५०, झूम केल्यावर एफ/५.६. एक मित्र म्हणतो, आयएसओ ४०० वर रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढ आणि घरी उजळून घे. दुसरा म्हणतो, थेट ३२०० लाव. कुणाचे ऐकू?
– वाचक, प्रतापनगर

उत्तर : दुसऱ्याचे ऐका. मात्र पहिल्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

फोटोत दोन प्रकारचे दाणे मिसळलेले असतात. एक वर सांगितलेले, प्रकाशाचे. दुसरे कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सचे. सेन्सरवरचा संकेत वाचून त्याचे आकड्यांत रूपांतर होताना ते शिरतात. आयएसओ वाढवला की बहुतेक कॅमेऱ्यांत संकेत या रूपांतराच्या आधीच मोठा होतो, त्यामुळे नंतर शिरणारे दाणे त्याच्यापुढे किरकोळ ठरतात. आयएसओ ४०० वर काढून संगणकावर तीन स्टॉप उजळलात तर संकेताबरोबर हे दाणेही आठपट होतात. जुन्या सेन्सरवर मग काळ्या पडद्यात आडवे-उभे पट्टे आणि जांभळट डाग उमटतात. अलीकडच्या बऱ्याच सेन्सरमध्ये हे इलेक्ट्रॉनिक दाणे इतके कमी आहेत की दोन्ही रीतींत जवळपास फरक दिसत नाही. उलट कमी आयएसओवर दिव्याखालचा कपाळावरचा उजेड फाटत नाही (पांढराफटक पडत नाही), हा फायदा मिळतो. तुमचा कॅमेरा कोणत्या जातीचा हे घरीच तपासा. ट्रायपॉडवर, मंद दिव्यात, शटर आणि अ‍ॅपर्चर न बदलता एक फोटो आयएसओ ३२०० वर, दुसरा ४०० वर रॉमध्ये काढा. दुसरा तीन स्टॉप उजळा आणि दोघांचा अंधारा कोपरा १०० टक्के मोठा करून शेजारी-शेजारी पाहा.

कार्यक्रमाच्या दिवशी १/२५०, एफ/५.६ आणि आयएसओ ३२०० पासून सुरुवात करा. गिरकीला १/५०० हवा, तिथे आयएसओ ६४००. नर्तकी एका मुद्रेत थांबते त्या क्षणी १/१२५ आणि १६०० वर येता येते. नृत्य शिकलेल्या मुलीच्या आईवडिलांना हे क्षण आधी माहीत असतात, त्याचा उपयोग करा.

मोठा धोका मागच्या काळ्या पडद्याचा आहे. पूर्ण चौकट मोजणारा मीटर तो अंधार पाहून आयएसओ आणखी वाढवायला सुचवतो आणि चेहरा पांढराफटक पडतो. स्पॉट मीटरिंग (फक्त एका छोट्या भागाचा उजेड मोजणे) लावून चेहरा मोजा. तसे न जमल्यास काटा शून्याच्या एक ते दीड स्टॉप खाली ठेवून एक फोटो काढा, आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर लाल-हिरवा-निळा असा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे) उघडा. मंचावर लाल किंवा निळे एलईडी असतील तर एकूण हिस्टोग्राम ठीक दिसूनही एकच रंग उजव्या भिंतीला टेकलेला असतो. तसे झाले की चेहऱ्यावर सपाट लाल थर बसतो आणि त्यातले बारकावे परत आणता येत नाहीत.

प्रश्न : पेंचच्या सफारीत मॅन्युअलसोबत ऑटो आयएसओ वापरला तर त्याला मॅन्युअल म्हणायचे का?
– वाचक, मानकापूर

उत्तर : म्हणा किंवा न म्हणा, जंगलात तीच रीत सोयीची आहे. जिप्सी सागाच्या सावलीतून उघड्या कुरणात येते तेव्हा काही सेकंदांत उजेड चार-पाच स्टॉपनी बदलतो. तेवढ्या वेळात हाताने आयएसओ फिरवत बसलात तर वाघ निघून जाईल. चालत्या वाघाला १/५००, पळणाऱ्या चितळाला किंवा उडत्या पक्ष्याला १/१६००, अ‍ॅपर्चर लेन्सचे सर्वांत मोठे, आणि ऑटो आयएसओची वरची मर्यादा ६४००. मर्यादा लावली आहे हे मात्र लक्षात ठेवा. पहाटे आयएसओ ६४०० ला टेकला की कॅमेरा पुढे काही करू शकत नाही आणि फोटो गुपचूप काळे निघू लागतात. अशा वेळी शटर खाली आणायचे.

ऑटो आयएसओ मीटरच्या सांगण्यावर चालतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशेबापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करण्याची सोय, आकडे स्टॉपमध्ये) लागते. काळ्या झाडोऱ्यापुढे उन्हातला बगळा असेल तर उणे एक, उजळ आभाळापुढे फांदीवरचे घुबड असेल तर अधिक एक. काही जुन्या, सुरुवातीच्या श्रेणीतल्या कॅमेऱ्यांत मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ एकत्र असताना ही सोय मिळत नाही. निघण्यापूर्वी घरी तपासा.

प्रश्न : किट लेन्सने झूम केले की मॅन्युअलमध्ये फोटो आपोआप काळा होतो.
– वाचक, हिंगणा रोड

उत्तर : १८-५५ लेन्सवर एफ/३.५-५.६ असे लिहिलेले असते. १८ वर एफ/३.५ ठेवून ५५ वर गेलात की अ‍ॅपर्चर एफ/५.६ होते आणि सव्वा स्टॉपहून अधिक प्रकाश जातो. शटर आणि आयएसओ जागचे जागी राहिल्याने भरपाई कुणी करत नाही. सुरुवातीपासूनच एफ/५.६ ठेवा.

प्रश्न : मे महिन्यात फुटाळा तलावावर रात्री ट्रायपॉड लावून आयएसओ १०० वर फोटो काढले, तरी आभाळात लाल-निळे ठिपके आले. आयएसओ तर सर्वांत कमी होता!
– वाचक, तेलंगखेडी

उत्तर : हे ठिपके आयएसओचे नाहीत, उष्णतेचे आहेत. शटर उघडे असताना सेन्सरमध्ये उष्णतेमुळेही विद्युतभार साचतो, काही पिक्सेलमध्ये इतरांपेक्षा फार जास्त. वेळ लांबला आणि सेन्सर तापला की ते ठिपक्यांच्या रूपात दिसतात. दिवसभर ४५ अंशांत गाडीच्या डिकीत राहिलेला कॅमेरा संध्याकाळी बाहेर काढलात तर तो आतून गरमच असतो. लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर थेट दृश्य दाखवणे) सतत चालू ठेवला तर आणखी तापतो. फ्रेम ठरली की बंद करा.

३० सेकंदांऐवजी एफ/८ ला ८ ते १० सेकंदांत काम होते का पाहा. तळ्याकाठच्या दिव्यांना बहुधा पुरते. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू केले की कॅमेरा तेवढ्याच वेळाचा दुसरा फोटो शटर बंद ठेवून घेतो आणि त्यातले ठिपके पहिल्यातून वजा करतो. १० सेकंदांच्या फोटोला आणखी १० सेकंद लागतील, त्या काळात कॅमेरा अडकला असे समजून बॅटरी काढू नका. मेनूतले हाय आयएसओ नॉइज रिडक्शन वेगळे. ते जेपेगवर चालते, आणि या ठिपक्यांसाठी ते बनलेले नाही.

प्रश्न : माझ्या कॅमेऱ्यात १०० च्या खाली ‘एल’ म्हणून ५० आहे. त्यावर फोटो आणखी चांगले येतील?
– वाचक, धंतोली

उत्तर : सहसा नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत ‘एल’ म्हणजे आयएसओ १०० वर एक स्टॉप जास्त प्रकाश घेऊन नंतर उजेड खाली ओढलेला फोटो. सावल्या थोड्या स्वच्छ होतात, पण पांढऱ्या ढगांतले बारकावे एक स्टॉप आधीच संपतात. दुपारच्या उन्हात धबधब्यासाठी शटर लांबवायचे असेल आणि एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) जवळ नसेल, तेव्हाच वापरा.