उद्यानातल्या प्रदर्शन-दालनासाठी ‘परफॉर्मन्स-बेस्ड डिझाइन’ करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की थिसिसला उद्यानातलं प्रदर्शन-दालन घेतलंय, गाइड ‘परफॉर्मन्स दाखवा’ म्हणतात, म्हणून तुम्ही ग्रासहॉपर (आकडे बदलून आकार घडवायचं डिझाइन-सॉफ्टवेअर) शिकायला बसलात. ते दोन आठवडे बाजूला ठेवा. आधी कागदावर आकडे लिहा: इमारतीने काय करून दाखवायचंय त्याचे. नियमावली म्हणते, खिडकी चटईक्षेत्राच्या इतके टक्के हवी. परफॉर्मन्सवाला म्हणतो, या भिंतीवर वर्षभरात इतक्याहून जास्त उजेड पडता कामा नये. खिडकी कुठे आणि केवढी ते तुमचं तुम्ही बघा.

उजेडाचंच घ्या. जलरंग, कापड, जुने कागद यांच्यासाठी साधारण 50 लक्सची (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक) मर्यादा पाळतात. दालन वर्षाला 3000 तास उघडं धरलं, तर झाले 1,50,000 लक्स-तास. भर दुपारचं ऊन असतं 1,00,000 लक्सच्या आसपास. म्हणजे उघडा कवडसा जेमतेम दीड तास चित्रावर थांबला की वर्षाचा कोटा खलास! काचेतून आलेला म्हणून थोडी सूट द्या, फार तर दोन-सव्वादोन तास.

इथे मी स्वतः तोंडघशी पडलेय. एका दालनाच्या पश्चिमेला मोठं झाड होतं, त्याच्या भरवशावर मी त्या बाजूची छज्ज्याची खोली कमी केली. कॉम्प्युटर मॉडेलमध्ये झाड म्हणजे एक भरीव गोळा. आलेख झकास आले. झाड पानगळीचं होतं हे मात्र कुणी मॉडेलला सांगितलंच नाही. फेब्रुवारीत दुपारी पावणेचारला आत उभी होते, तर फांद्यांच्या जाळीतून आलेले तळहाताएवढे कवडसे एकेका चौकटीवरून सावकाश सरकत चाललेले. शेवटी बाहेरून आडव्या पट्ट्या बसवाव्या लागल्या, आणि दर्शनी बाजूची रया गेली ती गेलीच. तेव्हापासून सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवरची उजेडाची चाचणी, तीनदा चालवते: पानांसकट, पानांविना, आणि झाडच नाही असं धरून. झाडं वादळात पडतात.

उद्यानातली दुसरी गोची डोळ्यांची. हिरवळीवरून येणारा माणूस हजारो लक्समधून थेट 50 मध्ये शिरतो आणि पहिलं वाक्य बोलतो, ‘केवढा अंधार!’ डोळे सरावायला काही मिनिटं लागतात. ती मिनिटं प्लॅनमध्ये चालत काढायची असतात: खोल ओसरी, मग वळण, मग बुटक्या छताचा पट्टा. खिडकीसमोर काचेत मढवलेलं चित्र लावलंत तर त्यात बागच दिसणार. आणि हिरवळीवरून परतलेल्या उजेडाने पांढऱ्या भिंतीला हिरवट झाक येते, ती वेगळीच. आर्द्रतेचं सांगायचं तर पावसात ओल्या कपड्यांनी आलेली गर्दीही हिशेबात धरा.

हे सगळं कॉम्प्युटरमुळे आलं असं समजू नका. 1851 साली लंडनच्या हाइड पार्कमधल्या क्रिस्टल पॅलेस या लोखंड-काचेच्या प्रदर्शन-इमारतीत तिचा रचनाकार जोसेफ पॅक्स्टनने उभे एल्म वृक्ष तोडण्याऐवजी त्यांच्यावरून कमानदार छत उंच नेलं. काचघर तापणार म्हणून वर कॅनव्हास, भिंतीत उघडझाप करणाऱ्या झडपा. धूळ खाली झडावी म्हणून जमिनीच्या फळ्यांमध्ये फटी. 1975 च्या उद्यान-प्रदर्शनासाठी जर्मनीतल्या मानहाइमच्या हेर्त्सोगेनरीड पार्कात मुल्टिहाले हे सभागृह उभं राहिलं. त्याचं लाकडी जाळीचं छत वास्तुरचनाकार फ्राय ओट्टोने साखळ्यांची जाळी लोंबकळवून आणि मग तो आकार उलटा करून शोधलं. भाराची चाचणी? जाळीला पाण्याने भरलेली कचऱ्याची पिंपं टांगून. माझ्या मते ‘परफॉर्मन्स दाखवा’चं याहून सरळ उत्तर नाही.

राहिला पाया, आणि विद्यार्थी इथेच हमखास घसरतात. मुळं पर्णसंभाराच्या सावलीपुरतीच असतात हा गैरसमज आहे. बीएस 5837 हे ब्रिटिश मानक खोडाच्या व्यासाच्या 12 पट त्रिज्येचं वर्तुळ राखायला सांगतं. 60 सेंमीच्या खोडाला 7.2 मीटर. त्या वर्तुळात सलग पायाचा चर खणायचा नाही. मोजके पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब), वर बीम, आणि जमीन खालून मोकळी. एवढी वर्तुळं साइट प्लॅनवर काढलीत की दालन कुठे बसतं ते बरंचसं ठरून जातं. मग ग्रासहॉपर उघडा, ऊन-हवामान तपासणारं त्याचं जोड-साधन लेडीबग आणि उजेडाचा हिशेब करणारं रेडियन्स तिथे कामाला येतील.

झाडांचा सर्व्हे हाताशी असेल तर खोडांचे घेर आणि साइटचा एक सेक्शन इथे टाका, बघून सांगते.