तीन दिवस ऑफिस म्हणजे सोलापूरकराच्या किती रात्री?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. साडेतीन वर्षं जुळे सोलापुरातल्या घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम केलंत आणि आता मेल आलाय: पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला हजेरी. आई एकट्या, घराचा हप्ता चालू. वर्क फ्रॉम होम संपलंच का, राजीनामा द्यावा का आणि आईंना पुण्याला न्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी याच वाटेने गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

घरून काम टिकून आहे. संपत चाललंय ते दुसऱ्या गावाहून काम. २०२० मध्ये या दोन गोष्टी एकाच दिवशी आपल्या दारात आल्या, म्हणून आपण त्यांना एकच समजलो. कोथरूडच्या माणसाला आठवड्यातले दोन दिवस घरी मिळाले की तो खूश असतो, कारण त्याचे दोन दिवसांचे ट्रॅफिकचे तास वाचतात. तेच दोन दिवस तुम्हा-आम्हाला मिळाले तर पुण्यात खोली घ्यावी लागते. त्याच्यासाठी जे हायब्रिड, म्हणजे थोडे दिवस ऑफिस आणि थोडे घर, आहे, ती आपल्यासाठी बदली आहे. बातम्यांमध्ये 'हायब्रिडवर तडजोड' असं वाचून आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी निःश्वास सोडला. माझ्या मते तिथेच आपली फसगत झाली.

मोठ्या कंपन्यांचा प्रवास पाहा. टीसीएसने २०२० मध्ये सांगितलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के लोकांनीच ऑफिसात असण्याची गरज राहील. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस बोलावलं आणि २०२४ मध्ये तिमाहीचा व्हेरिएबल पे, म्हणजे पगाराचा कमी-जास्त होणारा भाग, हजेरीला बांधला. विप्रोने नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याचे तीन दिवस ठरवले, इन्फोसिसने महिन्याचे दहा. अ‍ॅमेझॉनने जानेवारी २०२५ पासून पाच दिवस केले. मात्र सगळं जग परत ऑफिसात गेलंय असं समजू नका. अमेरिकेत २०२३ पासून पगारी कामाच्या दिवसांपैकी साधारण पाव हिस्सा घरूनच होतोय आणि तो आकडा फारसा हललेला नाही. कोविडच्या आधी तो सात टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे पाणी ओसरलं, पण जुन्या पातळीला गेलं नाही.

परदेशातल्या काही फर्मानांमध्ये एक ओळ असते, ती मला फार महत्त्वाची वाटते. झूमने २०२३ मध्ये लोकांना परत बोलावलं ते ऑफिसपासून ५० मैलांच्या, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये तीन दिवसांचा नियम जाहीर केला, त्यातही ५० मैलांची हद्द आहे. डेलने तासाभराच्या अंतरावरच्यांना पाच दिवस यायला सांगितलं. अंतर किती, हा प्रश्न निदान कागदावर विचारला गेला. आपल्याकडच्या जितक्या मेल मी पाहिल्या, त्यांत अशी हद्द एकातही नव्हती. पुण्यापासून अडीचशे किलोमीटरवरच्या माणसाला आणि बाणेरच्या माणसाला एकच मजकूर.

कंपन्या का बोलावतात, तर सगळीच कारणं खोटी नाहीत. मी टेस्टिंगची टीम सांभाळते. २०२१ मध्ये तीन नवीन मुलं टीममध्ये आली, त्यांना मी दीड वर्ष प्रत्यक्ष पाहिलंच नव्हतं. त्यातला एकजण नऊ दिवस एका सेटअपच्या अडचणीत अडकून बसला होता. विचारायचं कोणाला आणि कसं, या संकोचात. शेजारच्या खुर्चीवर असता तर दहा मिनिटांत सुटला असता. मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण तो मुलगा स्वतःलाच कमी समजायला लागला होता. नवीन माणसाला ऑफिस लागतं, हे मी आता कोणाशीही वाद न घालता मान्य करते.

बाकीची कारणं हिशेबाची आहेत. सेझमधल्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, युनिटला करसवलतीबरोबर तिथूनच काम करण्याची अट होती. जुलै २०२२ मध्ये सरकारने ४३-अ हा नियम आणून आधी निम्म्या आणि डिसेंबरमध्ये सगळ्याच लोकांना घरून काम करायची मुभा दिली, पण ती मुदतीची होती. ज्यांची युनिटं सेझमध्ये होती, त्या कंपन्यांना ती मुदत संपायची तारीख कायम डोळ्यांसमोर ठेवावी लागली. शिवाय सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने दुसरीकडेही काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्यावर साहेब लोकांच्या मनात संशय बसला तो बसलाच. आणि एक कारण कोणी बोलून दाखवत नाही: परत बोलावलं की काही लोक आपणहून सोडून जातात. म्हणून घाईने राजीनामा देऊ नका. तुमच्या नाराजीचा फायदा कोणाला होणार, ते आधी बघा.

उत्पादकता घटते म्हणून बोलावतो, असं कोणी म्हणालं तर मात्र शांतपणे एक अभ्यास पुढे ठेवा. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला, तो जून २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामगिरीत आणि बढतीत फरक पडला नाही, आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. सर्वांत जास्त घट कोणात? स्त्रियांमध्ये, मॅनेजर नसलेल्यांमध्ये आणि लांबून येणाऱ्यांमध्ये. या तिन्हींत सोलापूरकर किती, ते तुम्हीच मोजा.

आता तुमच्या मेलकडे येऊ. दिवस मोजू नका, रात्री मोजा. मलाही २०२३ मध्ये तीन दिवसांचा आदेश आला. वंदे भारत त्याच फेब्रुवारीत सुरू झाली होती आणि घरात सगळे म्हणाले, आता काय चिंता, तीन तासांत पुणं. सकाळी सहाच्या सुमारास ती सुटते, नऊला पुणे स्टेशन. तिथून हिंजवडी गाठेपर्यंत आणखी सव्वा-दीड तास. संध्याकाळची परतीची गाडी पुण्याहून सातच्या सुमारास, म्हणजे पाचला ऑफिस सोडायला हवं. घरी पोहोचता रात्री अकरा. आठवड्यातून एक दिवस ती गाडीच नसते. हुतात्मा एक्सप्रेस साडेसहाला निघून साडेदहापर्यंत पोहोचवते, भाडं खिशाला परवडतं, पण ऑफिसात पाय ठेवेपर्यंत बारा वाजतात. एकदा केलं तर जमतं. आठवड्यातून तीनदा केलं तर पाठ आणि डोकं दोन्ही जातात. मी दोन आठवड्यांत हात टेकले आणि वाकडला पीजी घेतला. सोमवारी सकाळी जायचं, बुधवारी रात्री यायचं. महिन्याला मुक्काम आठ रात्रींचा, भाडं मात्र पूर्ण महिन्याचं. गुरुवार माझा थकव्यातच जायचा, आणि त्यात गुरुवारी पाणी सुटायचा दिवस असला की भांडी भरायची, टाकी भरायची आणि त्याच वेळी साडेदहाची मीटिंग. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावातून काम करणं म्हणजे काय, हे पुण्याच्या मॅनेजरला समजावून सांगताना माझा आवाज चढला होता, ते आठवतंय.

सहा महिन्यांनी मी साहेबांना लिहून दिलं की मला दिवस कमी नकोत, एकत्र हवेत. आठवड्याचे तीन म्हणजे महिन्याचे बारा. ते मी दोन खेपांत भरते, एक प्लॅनिंगचा आठवडा आणि एक रिलीजचा. त्या दिवसांत मी नवीन मुलांबरोबर बसेन, क्लायंटच्या वेळेला थांबेन. कोणत्या दिवशी ऑफिसात काय करणार, तेही लिहिलं. तीन महिने बघू म्हणाले, अजून तसंच चालू आहे. आता मुक्काम एका मैत्रिणीकडे, पीजी सोडला. हे सगळ्यांना मिळेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय कोणालाच मिळत नाही.

म्हणून उत्तर पाठवण्याआधी एचआरला विचारा की हजेरी आठवड्यावर मोजतात की महिन्यावर. सगळं यावर अवलंबून आहे. इन्फोसिससारखा महिन्याचे दहा दिवस हा नियम आपल्याला आठवड्याच्या तीन दिवसांपेक्षा कितीतरी सोयीचा, पण दिवस एकत्र घेऊ देतात का, ते टीमवर ठरतं. रजा आणि सणाचे दिवस हिशेबातून वगळतात का? जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला चार दिवस रजा घेतलीत तर त्या आठवड्याचे तीन दिवस नंतर भरून द्यावे लागणार का? नेमणुकीच्या पत्रात कामाचं ठिकाण काय लिहिलंय, तेही काढून बघा. तिथे पुणे लिहिलं असेल, आणि बहुतेक असणारच, तर हक्काची भाषा वापरू नका, चालणार नाही. आपल्याकडे घरून काम हा कायद्याने मिळालेला हक्क नाही. सेवा क्षेत्रासाठी २०२० अखेर केंद्राने जो आदर्श स्थायी आदेशांचा मसुदा काढला, त्यातही मालक 'परवानगी देऊ शकतो' एवढंच होतं. बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम करण्याचा उल्लेख २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत आला, तोही मालक आणि कर्मचारी दोघांच्या संमतीने. जे काही ठरेल ते मेलवर घ्या. तोंडी सवलत साहेब बदलला की जाते, हे मी दोनदा पाहिलंय.

थोडं विषयांतर करते. आमचं घर शहराच्या पूर्व भागात. तेलुगू बोलणारं पद्मशाली कुटुंब. सासूबाईंनी तीस वर्षं विड्या वळल्या. या गावाला घरून काम कोविडने शिकवलं नाही. कारखान्यातून पान-तंबाखू आणायचं, पानं भिजवायची, कापायची, मांडीवर सूप घेऊन संध्याकाळपर्यंत विड्या वळायच्या आणि सकाळी मोजून द्यायच्या. खराब म्हणून बाजूला काढल्या त्यांचे पैसे नाहीत. जागा घरची, उजेड घरचा, पाठदुखीही घरची. २०२० मध्ये मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आता तुझीपण सुट्टी संपली." मला त्याचा अर्थ वर्षभराने कळला. घरी काम करणाऱ्या बाईला घरचे कामावर आहे असं मानत नाहीत आणि कामावरचे समोर आहे असं मानत नाहीत.

पण दुसरीही गोष्ट त्यांच्याकडूनच कळली. कारखान्यात माल द्यायला रांगेत उभं राहायचं, तेवढ्यात बायका एकमेकींना भेटायच्या. कोणाचा फंड अडकला, कोणाच्या कार्डावर विड्या कमी लिहिल्या, मोर्चा कधी आहे, सगळं त्या रांगेत. कुंभारीला विडी कामगार बायकांची १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये उभी राहिली, ती घरात एकेकटं बसून मिळालेली नाही. म्हणून मी ऑफिसला शत्रू मानत नाही. माझी बढती दोन वर्षं रखडली, तेव्हा चहाच्या टपरीवर काय ठरलं ते मला कोणी सांगितलं नव्हतं. आता ऑफिसच्या दिवसांत मी मुद्दाम लोकांबरोबर बसते, आणि घरच्या दिवसांत काय काम केलं ते दर शुक्रवारी चार ओळींत साहेबांना पाठवते. सासूबाईंच्या कार्डासारखी नोंद.

राजीनाम्याचं म्हणाल, तर हातात दुसरं पत्र आल्याशिवाय नाही. पूर्ण रिमोट जागा आहेत, पण एकेका जागेवर अख्ख्या देशातून अर्ज येतात. बऱ्याच कंत्राटी असतात, पीएफ नाही, रजा नाही, आणि हप्ता चालू असताना ते झेपत नाही. सोलापुरातच नोकरी हवी असेल तर आयटी पार्कची मागणी जुनी आहे, ते व्हावं असं मलाही मनापासून वाटतं, पण त्या भरवशावर आजचा पगार सोडू नका. आधी तीन-चार महिने दिवस एकत्र करून बघा, त्याच काळात शोधत राहा.

आणि आई. घर भाड्याने देऊन त्यांना कायमचं पुण्याला न्यायचा निर्णय आत्ता घेऊ नका. एका खेपेला पंधरा दिवस सोबत घेऊन जा, नेहमीच्या दिवशी, पाहुण्यासारखं नव्हे. तुम्ही सकाळी आठला बाहेर पडणार आणि रात्री आठला येणार, ते बारा तास त्या कोणाशी बोलणार ते बघा. सासूबाईंना मी हौसेने वाकडला नेलं होतं. सातव्या मजल्यावर गॅलरी होती, लिफ्ट होती, नळाला रोज पाणी होतं. अकराव्या दिवशी त्यांनी पिशवी भरून दाराशी ठेवली. आता मी पुण्यात असते तेव्हा शेजारच्या जाऊबाई रात्री त्यांच्याकडे झोपायला येतात आणि मी साडेनऊला फोन करते. तुमच्या आईंसाठी असं कोण आहे, याची यादी आजच करा. ती यादी हातात आली की एचआरशी बोलणं सोपं जाईल, कारण तुम्हाला सलग किती रात्री बाहेर राहता येईल, ते तुम्हाला ठाऊक असेल.