माझी १६ वर्षांची मुलगी इन्स्टाग्रामवर वर्णद्वेषाविरुद्ध सारखं लिहिते, तिला थांबवू का?

थांबवू नका, हे आधी सांगते. तुम्ही लिहिलंय की तुम्ही न्यू जर्सीत व्हिसावर आहात, उद्या काही झालं तर काय ही भीती आहे, आणि वर पोस्ट टाकून होतं काय असंही विचारलंय. भीती कळते मला, आपल्याला घरून निघतानाच आपण बरं नि आपलं काम बरं असं सांगून पाठवलेलं असतं, मीही माझ्या मुलीला २०२० पर्यंत तेच सांगत होते. पण पोस्टने काय होतं ते मी जवळून बघितलंय कारण आम्ही मिनियापोलिसपासून अर्ध्या तासावर राहतो.

२५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये एका पोलिसाने मानेवर गुडघा दाबून धरल्यामुळे जॉर्ज फ्लॉइड नावाचा कृष्णवर्णीय माणूस गेला. पोलिसांनी त्या रात्री जे पत्रक काढलं ते आजही शोधून वाचा. हातकड्या घातल्या, मग त्याची तब्येत बिघडलेली दिसली, ॲम्ब्युलन्स बोलावली, हॉस्पिटलमध्ये वारला, एवढंच. मानेवरच्या गुडघ्याबद्दल एक शब्द नाही. आणि त्याच रात्री डार्नेला फ्रेझियर नावाच्या १७ वर्षांच्या मुलीने, जी ९ वर्षांच्या कझिनला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात खाऊ आणायला गेली होती, तिने फोनवर काढलेला व्हिडिओ फेसबुकवर टाकला. पोलीस प्रमुखाने पुढे कोर्टात सांगितलं की त्यालाही मध्यरात्रीच्या सुमारास गावातल्या कोणीतरी, तुम्ही व्हिडिओ बघितला का असं विचारलं तेव्हा कळलं. ती पोरगी घाबरून फोन खिशात ठेवून घरी गेली असती तर बहुतेक ते पत्रकच सगळ्यांनी खरं मानलं असतं. एप्रिल २०२१ मध्ये गुडघा दाबणारा पोलीस डेरेक शॉविन दोषी ठरला, साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली, आणि डार्नेलाला त्या वर्षी पुलित्झर या पत्रकारितेच्या मोठ्या पुरस्काराचा खास सन्मान मिळाला.

पण सगळ्याच पोस्ट सारख्या नसतात हेही खरं. २ जूनला सगळ्यांनी निषेध म्हणून इन्स्टाग्रामवर काळे चौकोन टाकले, माझ्या मुलीनेही टाकला, मनापासूनच टाकला होता. पण लाखो लोकांनी त्याला ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर या वर्णद्वेषविरोधी चळवळीचा हॅशटॅग लावला आणि मोर्चा कुठे आहे, जामिनासाठी पैसे कुठे द्यायचे ही जी माहिती लोक त्या हॅशटॅगखाली शोधत होते ती सगळी काळ्या चौकोनांखाली गेली. मग लोकांनाच सांगावं लागलं की बाबांनो हॅशटॅग काढा. मुलीने तो काढला तेव्हा रडत होती. आणि त्याच आठवड्यात, ४ जूनला, नॅशव्हिलमध्ये १४ ते १६ वयाच्या सहा मुलींनी, ज्यांची ओळखच ट्विटरवर झाली होती, सुमारे १०,००० लोकांचा शांत मोर्चा काढला. म्हणून तुमच्या मुलीला एवढंच विचारा की तुझ्या पोस्टमधून वाचणाऱ्याला नवीन काय कळतं.

आपला काय संबंध असंही तुम्ही लिहिलंय. जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना, तेव्हा तर इथे आपलं कोणी नव्हतं. तुम्ही तर इथेच राहताय, तुमची मुलगी कृष्णवर्णीय मुलांच्या बाजूच्या बाकावर बसते!

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. डार्नेलाने कोर्टात सांगितलं की आपण अजून काही करायला हवं होतं म्हणून ती कित्येक रात्री जागून फ्लॉइडची माफी मागायची. एका शाळकरी पोरीने हे एकटीने का सोसायचं? असले व्हिडिओ तुमचीही मुलगी बघत असणार, रात्री, दार लावून, एकटी. तर थांबवण्यापेक्षा शेजारी बसा. आमच्याकडे ठरलंय, व्हिडिओ कुठला, कधीचा, हे दोघींनी मिळून तपासायचं, मोर्चातल्या मुलांचे चेहरे झाकायचे, आणि रात्री दहानंतर कमेंट वाचायच्या नाहीत.

व्हिसाची भीती मात्र खोटी नाही. २०१९ पासून व्हिसाच्या फॉर्मवर सोशल मीडियाची अकाउंट विचारतात, आणि २०२५ पासून स्टुडंट व्हिसासाठी प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगतात. तुमचं स्टेटस काय, तिचं काय, हे एखाद्या इमिग्रेशन वकिलाला विचारा, आणि तिला सोबत घेऊन जा, जे कळेल ते तिलाही कळू दे, मग काय लिहायचं ते ती ठरवेल.