ई-टाइप आणि ९११ : आकडे वाचण्यापूर्वी

१९६१ च्या जॅग्वार ई-टाइपची २६५ अश्वशक्ती आणि १९६४ च्या पोर्शे ९११ ची १३० अश्वशक्ती शेजारी मांडून आपण लगेच निकाल लावू नये, कारण पहिला आकडा ‘ग्रॉस’, म्हणजे गाडीत प्रत्यक्ष बसवले जाणारे पूरक भाग न जोडता मोजलेल्या इंजिनाचा आहे, तर दुसरा जर्मन डीआयएन पद्धतीने ते जोडून मोजलेला आहे. अर्थात ई-टाइपच्या ३.८ लिटरच्या इंजिनापुढे ९११ चे २ लिटरचे इंजिन सरळ रस्त्यावर मागेच पडणार. मात्र ९११ चे इंजिन मागच्या आसाच्याही मागे असल्याने वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडल्यास तिची मागची बाजू बाहेर फेकली जाते, आणि हे कोणत्याही कोष्टकात दिसत नाही. ई-टाइपचा ताशी १५० मैलांचा गाजलेला वेगही खास तयार केलेल्या गाडीचा होता. सर्वसाधारण गाडीकडून तेवढी अपेक्षा धरू नये.